पेव आणि दुसरी लाइन

६ जुलै १९९८, सोमवार

नाथाजीरावांनी आज आष्ट्याहून आलेल्या पाहुण्यांना आपली कुपवाडची शेड दाखवली. वजनकाट्याचे सांगाडे, वेल्डिंग, रंगकाम सगळं झाल्यावर माझ्या खोलीत आणलं आणि कोपऱ्यातल्या मशीनवर थाप मारून म्हणाले, "आनि ह्ये आमचं पेव." पाहुणे वाकून फरशीकडे बघायला लागले. हरिपूरला हळद साठवायची पेवं जमिनीत असतात, तसंच काही असेल असं त्यांना वाटलं असणार.

मग मला समजावून सांगावं लागलं. उसाच्या काट्यांसाठी आम्ही प्रोग्रॅम लिहितो. त्याला लागणारे तयार तुकडे, म्हणजे पॅकेजेस, परदेशातून इंटरनेटवर फुकट मिळतात. पण सांगलीत इंटरनेट नाही; आणायचे तर पुण्याला एसटीडी लावायची, आणि अर्ध्यात लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मध्ये हे मशीन. कुणी पॅकेज मागितलं आणि ते आत असलं तर लगेच देतं. नसलं तर बाहेरून आणतं, मागणाऱ्याला देतं आणि एक प्रत स्वतःकडे ठेवून घेतं. पुढच्याला ती आयती मिळते. याला प्रॉक्सी म्हणतात. पाहुण्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आनि ह्ये सायेब काय करत्यात?"

"त्ये पेवाची राखन करत्यात," नाथाजीराव म्हणाले.

पुण्यात मोठ्या कंपनीत अर्धं आयुष्य काढलं, आईच्या आजारपणासाठी नोकरी सोडून सांगलीला आलो, आई गेली, आणि मी राखणदार झालो. राग आला नाही. बोलून चालून खरंच आहे ते.

१४ जुलै, मंगळवार

फोनची लाइन एकच. बोलायलाही तीच आणि मशीनलाही तीच. त्यामुळे ज्याला पॅकेज हवं त्याला आधी माझ्याशी बोलावं लागतं. काय हवं ते तो सांगतो, मी "सोडतो हं" म्हणतो, बटण दाबतो, मॉडेमची शीळ सुरू होते आणि मी रिसीव्हर ठेवतो. आष्ट्याकडच्या साखर कारखान्यातला पृथ्वीराज, सांगलीतली कॉलेजची मुलं, मिरजेचे एक डॉक्टर (यांना प्रोग्रॅमिंगचं वेड कुठून लागलं देव जाणे), आणि साताऱ्याच्या प्रमोदिनीबाई. त्या मूळच्या वाईच्या. साताऱ्याला कॉलेजात संगणक शिकवतात.

दिवसभरात मी ज्यांच्याशी बोलतो ती माणसं याच वाटेने येतात. शेडमधल्या लोकांशी बोलायचं तर आधी ग्राइंडर थांबावा लागतो. घरी बोलायला भिंती. फोन वाजला नाही तर संध्याकाळी खानावळीत "भात वाढा" म्हणताना स्वतःचाच आवाज परका वाटतो. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितो.

आज प्रमोदिनीबाईंनी तारखांचं पॅकेज परत मागितलं. दोन हजार साल जवळ येतंय, सगळ्यांना तारखांची काळजी. पण गेल्या महिन्यातच त्यांना ते दिलं होतं.

"फ्लॉपी खराब झाली हो," म्हणाल्या.

"फ्लॉपी उन्हात ठेवू नका, लोहचुंबकाजवळ ठेवू नका," मी सांगितलं.

"बरं," म्हणाल्या. मग विचारलं, "जेवलात का?"

मी म्हटलं, हो. आणि लाइन सोडली.

१५ जुलै

काही नाही. पाऊस.

५ ऑगस्ट, बुधवार

सकाळी आल्या आल्या फोन. प्रमोदिनीबाई. "वर खूप झालाय पाऊस. धरणातून पाणी सोडलंय म्हणतात. तुमच्याकडे उद्यापर्यंत येईल. तुमचं घर नदीकडे आहे ना?"

मी म्हटलं, बाई, हे पेपरात येतं. आणि माझं घर नदीकडे असलं तरी दुसऱ्या मजल्यावर आहे.

"तरी म्हटलं सांगावं," म्हणाल्या. मग, "तारखांचं पॅकेज जरा परत सोडता का?"

आता हसावं की रडावं! इतकी हुशार बाई, मुलांना शिकवते, बोलणं किती नेमकं, आणि एक फ्लॉपी धड सांभाळता येत नाही. मी एक उपाय सुचवला. माझ्याकडून घेतलेली प्रत्येक गोष्ट दोन फ्लॉप्यांवर ठेवा. "ठेवते," म्हणाल्या. हसू दाबल्यासारखा आवाज आला. लाइनमध्ये पाणी गेलं असावं.

संध्याकाळी आयर्विन पुलावर जाऊन आलो. पाणी खरंच चढलंय. पुलाच्या कठड्याशी गर्दी होती, जो तो शेजाऱ्याला पाण्याविषयी काहीतरी सांगत होता. मीही एकाला सांगितलं, साताऱ्याकडून निरोप आलाय, उद्या अजून चढेल. तो म्हणाला, "व्हय का?" आणि दुसरीकडे बघायला लागला.

११ ऑगस्ट, मंगळवार

आमच्या शेडचा ड्रायव्हर अर्जुना टेंपो घेऊन साताऱ्याला निघाला होता. त्याच्याबरोबर प्रमोदिनीबाईंसाठी कोऱ्या फ्लॉप्यांचा एक डबा पाठवला. बरोबर भडंगाचा एक पुडा. का पाठवला ते माहीत नाही. फ्लॉपीचा डबा एकटाच बरा दिसत नव्हता.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

दुसरी लाइन आली! मार्चपासून नाथाजीरावांच्या मागे लागलो होतो. नुसत्या मशीनसाठी वेगळा नंबर. फोन खात्याचे लोक सकाळी आले, दुपारपर्यंत जोडून गेले. मी मॉडेम त्यावर लावला आणि मशीनला सांगितलं की घंटी वाजली की आपणच उचलायचं. आता कुणी कधीही नंबर फिरवा, मध्ये माणूस नाही.

सगळ्यांना फोन करून नवा नंबर दिला. पृथ्वीराज म्हणाला, "लय भारी काम झालं सर! आता तुमाला कशाला तरास?" मिरजेच्या डॉक्टरांनी अभिनंदन केलं. प्रमोदिनीबाईंनी नंबर लिहून घेतला आणि म्हणाल्या, "म्हणजे आता तुमच्याशी बोलायला नको."

"अजिबात नको," मी म्हटलं. "थेट मशीन."

"छान," म्हणाल्या.

काही तरी मोठं काम पार पडल्यासारखं वाटतंय. खानावळीत आज जास्तीची पोळी घेतली.

२ सप्टेंबर, बुधवार

मशीन उत्तम चाललंय. दिवे लुकलुकतात, लोक येतात, घेतात, जातात. दिवा लागला की कोण आलं ते पडद्यावर दिसतं. आष्टा आलं, मिरज आली. पृथ्वीराज रोज येतो. त्याच्या बायकोला दिवस गेलेत हे जुलैत त्यानेच सांगितलं होतं. आता कितवा महिना ते कसं विचारणार? त्याने छपाईचं पॅकेज घेतलं, एवढंच कळलं.

जुना फोन टेबलावर आहे. मधूनमधून उचलून बघतो. चालू असतो.

मीच मागितली ही लाइन. अर्ज मी लिहिला, हेलपाटे मी घातले. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. पण हे कामाच्या दृष्टीने बोलणं नव्हे. कामाच्या दृष्टीने लाइन हवीच होती.

१२ सप्टेंबर, शनिवार

जुना फोन वाजला. इतका दचकलो की चहा सांडला. प्रमोदिनीबाई.

"तारखांचं पॅकेज..."

आणि माझी जीभ घसरली. म्हटलं, "बाई, नवा नंबर तुम्हाला दिलाय. ती लाइन त्यासाठीच घेतली. इथे फोन करून मला सांगायची काही गरज नाही. शिवाय हे पॅकेज तुम्ही किती वेळा नेलंत याची काही मोजदाद?"

 मग म्हणाल्या, "चुकलं माझं. नव्या नंबरावर करते." आणि ठेवला.

मी मशीनकडे बघत बसलो, आता साताऱ्याचा दिवा लागेल म्हणून. लागला नाही. संध्याकाळपर्यंत लागला नाही.

मी बोललो त्यात चूक काय होतं? सगळं बरोबर होतं. तरी जेवण गेलं नाही.

२४ सप्टेंबर, गुरुवार

नाथाजीराव खोलीत येऊन बसले. ते उगाच बसत नाहीत. सांगलीतच इंटरनेटचा नंबर मिळणार अशी बातमी त्यांनी कुठूनशी आणली आहे. "मंग पुन्याला एसटीडी कशाला? ज्येचा त्यो घील की. पेव ठिवायचं ते दुष्काळासाठी. घरापुढं बाजार भरला तर पेवाला कोन इचारतंय?"

मी म्हटलं, बाजार भरू दे तर खरं. आणि लाइन तुटते ती तुटतेच, पुण्याची असो की सांगलीची.

"बघू दसऱ्यानंतर," ते म्हणाले. "कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आत सगळे प्रोग्रॅम तयार झालं पायजेत. तवर चालू दे. मंग तुमी काट्याच्या फिटिंगला जावा, न्हाईतर पुन्याला जावा. तुमचं कुटं काय अडतंय? सडा मानूस."

माणूस चांगला आहे. आईच्या वेळी याच माणसाने गाडी दिली होती. पण "कुठं काय अडतंय" हे शब्द दिवसभर कानात राहिले. माझं काय अडतं ते मला नीट सांगता आलं पाहिजे होतं. हे पेव गेलं तर या जगात माझ्याकडे कुणी काही मागायला येणार नाही. एवढंच अडतं.

साताऱ्याचा दिवा त्या दिवसापासून एकदाही लागलेला नाही.

खंडेनवमी

कुपवाडात आज सगळं बंद. लेथ, ड्रिल, वेल्डिंगचे संच धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून. आज हत्याराला हात लावायचा नाही. नाथाजीराव पूजेचं ताट घेऊन माझ्या खोलीत आले. मशीनचे दिवे चालू, पंखा चालू.

"आवं सोवनीसायेब, बंद करा की त्ये. वर्साचा एक दीस. त्येलाबी इसावा नको व्हय?"

गेल्या वर्षी मी हट्ट धरला होता की हे मशीन बंद करायचं नसतं. चालू मशीनलाच कुंकू लावलं होतं. यंदा मी वाद घातला नाही. सगळे प्रोग्रॅम नीट थांबवले आणि बटण बंद केलं.

खरं कारण लिहितो. नाथाजीरावांच्या श्रद्धेचा मान राखला, हे कारण मी त्यांना दिलं. माझ्या मनात दुसरंच होतं. मशीनने फोन उचलला नाही तर लोक जुन्या नंबरावर फोन करतील. विचारतील, "सोवनी, काय झालं? बरे आहात ना?" एक दिवस तरी विचारतील.

सगळे गेल्यावर मी खोलीत बसून राहिलो. पंखा थांबल्यावर ती खोली किती शांत आहे ते आज कळलं. माळेतल्या झेंडूचा वास. दुसऱ्या लाइनवर दोनदा घंटी वाजून बंद झाली. जुन्या फोनवर कुणीही केला नाही. सणाचा दिवस, लोक घरी असतात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्यासारख्याच्या लक्षात कसं येणार?

दसरा

सोनं वाटून झाल्यावर मशीन सुरू केलं. पंखा फिरला, दिवे लागले, आणि आतून टक्, टक्, टक्. डिस्क फिरेना. बंद केलं, थांबलो, पुन्हा सुरू केलं. टक्, टक्. वर्षभर अखंड फिरलेली डिस्क एकदा थंड झाली की कधीकधी अशी धरते. हे मला माहीत होतं. गेल्या वर्षीचा माझा हट्ट याचसाठी होता.

सगळं गेलं. लाइन तुटून, पुन्हा जोडून, पहाटेच्या स्वस्त वेळात उठून एकेक करून आणलेलं सगळं. दुसरी प्रत नाही. लोकांना उपदेश केला दोन फ्लॉप्यांवर ठेवा म्हणून, आणि स्वतः? लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

नाथाजीरावांनी मशीनवरच्या आपट्याच्या पानांकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "माज्यामुळं झालं का वो?" मी म्हटलं, नाही, माझ्यामुळे. त्यांना वाटलं मी सौजन्याने बोलतोय.

५ ऑक्टोबर, सोमवार

मिरजेतल्या एका माणसाला डिस्क दाखवली. त्याने कानाशी धरून हलवली आणि परत दिली.

नाथाजीराव नवी डिस्क घेऊन देतात, पण रिकामी. पुन्हा सगळं आणायला जेवढा वेळ लागेल तेवढा बॉयलर थांबणार नाही. "ऱ्हाऊ द्या आता," म्हणाले. "पृथ्वीराजला लागतंय तेवढं त्यो पुन्यास्नं आनतोय. तुमी दिवाळीपातूर ऱ्हावा, मंग बघू."

पृथ्वीराजने फोन केला नाही. त्याचं काम होतंय. गरज सरो, वैद्य मरो, असं म्हणणार होतो, पण ते त्याच्यावर अन्याय करणारं होईल. फोन करू नका असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं.

८ ऑक्टोबर, गुरुवार

जुना फोन वाजला.

"नव्या नंबरावर कुणी उचलत नाही," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. आवाज अगदी सांभाळून. "दसऱ्यापासून रोज करून बघतेय. इथे करायचा नाही म्हणाला होतात, पण... बरे आहात ना?"

 मी एकदम सगळं सांगून टाकलं. खंडेनवमी, बटण, टक् टक्, दिवाळी. बटण का बंद केलं तेवढं सोडून.

त्या ऐकत होत्या. एसटीडीचे पैसे चाललेत याची त्यांना आठवण करून दिली, तर म्हणाल्या, "चालू देत." मग विचारलं, "अर्जुनाचा टेंपो इकडे कधी येणार आहे?"

मी म्हटलं, शनिवारी. का?

"सहज," म्हणाल्या.

१२ ऑक्टोबर, सोमवार

अर्जुनाने चपलांचे तीन खोके आणून टेबलावर ठेवले. सुतळीने बांधलेले. "सातारच्या बाईंनी दिल्यात. म्हनल्या, हलवू नगंस, उन्हात ठिवू नगंस, आनि लोखंडाजवळ तर मुळीच नगं. म्या म्हनलं, बाई, टेंपो लोखंडाचाच हाय की! मंग हासल्या. मांडीवं घिऊन आलो बगा, गिअर टाकताना निसती तारांबळ."

आत फ्लॉप्या. मी वर्षभरात त्यांना दिलेलं एकूणएक पॅकेज, बारीक सुबक अक्षरात नाव घालून. प्रत्येकाच्या दोन प्रती. वर एक चिठ्ठी: "तुम्ही सांगितल्याप्रमाणे."

दिवसभर फ्लॉप्या घालत, काढत बसलो. नव्या डिस्कवर एकेक पॅकेज उतरत गेलं. नाथाजीराव दारात येऊन उभे राहिले, बराच वेळ बघत होते. "पेवाला आनि पेव हुतं म्हना की," म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत, "ऱ्हाऊ द्या चालू. दिवाळीचं काय न्हाई. बाजारबी रोज भरत न्हाई."

१४ ऑक्टोबर, बुधवार

तिसऱ्या खोक्यात तळाशी एक वेगळा गठ्ठा होता, रबरबँड लावलेला. सगळ्या फ्लॉप्यांवर एकच नाव. तारखांचं पॅकेज. ज्या ज्या वेळी त्यांनी ते नेलं त्या प्रत्येक वेळची फ्लॉपी.

खराब झालेल्या म्हणून ठेवल्या असतील असं वाटलं. एकेक घालून बघितली. पहिली नीट वाचली. दुसरी नीट. तिसरी. सगळ्या. एकही खराब नाही. एकाही फ्लॉपीवर ओरखडासुद्धा नाही.

मी गठ्ठा हातात धरून बसलो. "जेवलात का?" धरणाचं पाणी. "तुमच्याशी बोलायला नको." आणि मी काय काय म्हणालो ते. उन्हात ठेवू नका म्हणालो. मोजदाद ठेवता का म्हणालो. अरे देवा! पन्नाशीला आलेला माणूस इतका मठ्ठ असू शकतो?

शेडमध्ये ग्राइंडर चालू होता ते एक बरं. कुणाला काही ऐकू गेलं नाही.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी दाढी करून आलो. दुपारी कॉलेजची जेवणाची सुट्टी होईपर्यंत कशात लक्ष लागलं नाही. मशीन मस्त चाललंय. दुसऱ्या लाइनवर आष्टा येऊन गेलं. तारखांचं पॅकेज नव्या डिस्कवर आहे, आणि तो गठ्ठाही समोर टेबलावर आहे.

जुना फोन उचलला आणि साताऱ्याचा नंबर फिरवला.

"मी सोवनी," म्हटलं. "जेवलात का?"

"जेवतेय," म्हणाल्या. "काय झालं? फ्लॉप्या लागल्या नाहीत का?"

"लागल्या. म्हणजे बऱ्याचशा लागल्या." मी समोरचा गठ्ठा हातात घेतला. "ते तारखांचं पॅकेज तेवढं... माझ्याकडचं जरा खराब झालंय. तुमच्याकडे आहे का?"

पलीकडून डबा बंद केल्याचा आवाज आला.

"आहे," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "पण कुठे ठेवलंय ते शोधायला वेळ लागेल. फोन धरता?"

"धरतो," मी म्हटलं.